सात नंबरचा जोड

३ फेब्रुवारी. गुडघा ४.

फिजिओथेरपीच्या बाईंनी ही वही ठेवायला सांगितली आहे. रोज गुडघा किती दुखला त्याला दहापैकी मार्क द्यायचे आणि दिवसभरात काय केलं ते दोन ओळींत लिहायचं. दोन ओळींत आवरणारी बाई मी असते तर घरात निम्मी भांडणं झाली नसती.

तर आज काय केलं: चालले. जागच्या जागी. धंदाच तो आहे माझा. पडद्यावर नटी चालते तेव्हा ऐकू येणारी पावलं तिची नसतात. नंतर एका बंद खोलीत, चित्राकडे बघत, दुसरंच कुणीतरी ती चालून भरतं. अठरा वर्षं ते कुणीतरी मी आहे. खोलीत जमिनीवर चौकोन आहेत, फरशीचा, लाकडाचा, खडीचा, वाळूचा. जिना नाही. लाकडी फळीवर जागच्या जागी आधी चवडा मग टाच टेकली, की ऐकणाऱ्याला बाई जिना उतरतेय असं वाटतं. कपाटात एकतीस जोड आहेत, तळव्यावर नंबर रंगवलेले. मालिकेतल्या वकीलबाई सात नंबरच्या, उंच टाचांच्या.

ही मालिका सव्वीस भागांची. मी नोकरीत नाही, कंत्राटावर आहे. ते सोडायचं तर पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं. पण सोडायचं नाही, कारण सव्वीस भाग पुरे केले तर शेवटच्या भागात नावांच्या यादीत माझं नाव येणार आहे. 'पावलं', आणि पुढे मी. अठरा वर्षांत आजवर एकदाही आलेलं नाही. नवऱ्याच्या ऑफिसात लोक विचारतात, बायको काय करते? तो सांगतो, चालते. लोकांना वाटतं तब्येतीसाठी.

त्या एका नावासाठी ध्वनिप्रमुखाला सहन करते. आम्ही मागे त्याला कानसेन म्हणतो. काचेपलीकडे बसतो, स्पीकरमधून एकच शब्द टाकतो, "पुन्हा." काय चुकलं ते सांगत नाही. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद. पोट गुरगुरतं म्हणून टेक संपेपर्यंत पाणी बंद. आज अकरा पावलांसाठी एकोणीस वेळा पुन्हा म्हणाला आणि शेवटी दुसरा टेक ठेवला.

गुडघ्याचं सांगायचं राहिलंच. मी थांबून सरळ उभी राहिले की तो वाजतो, कट्. ध्वनिमुद्रणाच्या यंत्रावर बसणारा पोरगा, त्याला सगळे दाढीच म्हणतात, प्रत्येक टेकच्या शेवटी तेवढं कापतो आणि मगच टेक पुढे जातो. घरी कापणारं कुणी नाही. नवरा म्हणतो, "तुझा गुडघा आधी घरात येतो, मग तू."

१२ फेब्रुवारी. गुडघा ५.

गर्दीच्या प्रसंगांसाठी दोन बायका हव्यात म्हणून एक मुलगी आली आहे. चोवीस वर्षांची. खोलीत कधी आली ते कळलंसुद्धा नाही. मागून "ताई" म्हणाली आणि माझ्या हातातला चहा सांडला. मी तिचं नाव मांजर ठेवलं आहे. वहीत आणि मनात.

मला म्हणाली, "ताई, मी तुमची कामं शोधून शोधून ऐकलीत." मी म्हटलं, "माझं नाव कुठे नसतं, मग शोधलंस कसं?" तर हसली. गोड हसते. मला गोड हसणारी माणसं पहिल्या दिवशी आवडत नाहीत.

कानसेन तिला फक्त चारदा पुन्हा म्हणाला. मी मोजलं.

१४ फेब्रुवारी. गुडघा ७.

सात नंबरच्या टाचांनी जीव नकोसा केला. दुपारी मीच जोड काढून तिच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "घे, आजपासून वकीलबाई तू चाल. मी सपाट घेते, गर्दी करते." माप एकच निघालं आमचं. कानसेनने काचेआडून मान हलवली आणि तक्त्यावर लिहून टाकलं: सात, नवी मुलगी.

तिने सहज घातले, दोन पावलं टाकली आणि मला कळलं की मी काय केलं. आपण होऊन पायावर धोंडा मारून घेणारी माणसं मी पुष्कळ पाहिली होती. आज त्यांच्यात जाऊन बसले.

२० फेब्रुवारी. गुडघा ६.

पहाटे चारला उठून सासूबाईंना हॉस्पिटलात नेलं. डोळ्यातल्या पडद्याचं ऑपरेशन. दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच धड दिसत नाही. ऑपरेशन दोन तास चाललं. बाकड्यावर बसून मी समोरच्या दाराची बिजागरी बघत होते, बाकी कशाकडे बघवत नव्हतं. सगळं नीट झालं. डॉक्टरांनी सांगितलं, दोन आठवडे मान खाली घालून पालथं पडून राहायचं. नवरा म्हणाला, "आई, आयुष्यात पहिल्यांदाच." त्या उशीत तोंड खुपसून म्हणाल्या, "पडद्याआडचं ऐकू येतं हो मला."

नवरा तिथे थांबला आणि मी तशीच, घरच्या चपलेत, स्टुडिओत गेले. साडेदहा झाले होते, कानसेन यायचा होता. दाढीने नवा माइक लावला होता, म्हणाला, "ताई, टाचांचा आवाज कसा येतो बघायचंय, एक चाल द्या." समोर सात नंबरच पडला होता, मांजरीने नीट जोडून ठेवलेला. पडद्यावर वकीलबाई खटला हरून कोर्टाचा जिना उतरत होत्या. उतरले त्यांच्याबरोबर. बघतही नव्हते फारसं, डोळ्यासमोर ती बिजागरी होती. टाकाऊच झालं असणार. दाढी "माइक चांगला आहे" म्हणाला, चालीबद्दल काही बोलला नाही.

मग मांजर आली आणि दुपारभर तोच जिना उतरली. दाढी उद्यापासून तीन आठवडे रजेवर, बाप होणार आहे. जाण्याआधी आजचं सगळं साफसूफ करून, नंबर घालून, कानसेनच्या हवाली करून गेला.

२५ फेब्रुवारी. गुडघा ६.

आज जे झालं ते लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय.

कानसेनने कामं थांबवली. सगळ्यांना आत बोलावलं, मला, मांजरीला, चहावाल्याला, दारावरच्या रखवालदाराला. म्हणाला, "याला चाल म्हणतात. ऐका." आणि अकराव्या भागातला जिना लावला.

खाली पार्श्वसंगीत होतं, कोर्टातली कुजबुज होती, आणि त्यातून ती पावलं उतरत होती. प्रत्येक पायरीवर चवडा टेकायचा आणि टाच टेकू की नको अशी जरा थांबायची. बाई हरलेली आहे हे कुणी सांगायला नको होतं. मधेच दोन पायऱ्या लागोपाठ उतरली, जसं आपण कुणी बघू नये म्हणून घाई करतो. मी पावलं मोजायची विसरले. अठरा वर्षांत असं कधी झालेलं नाही.

"सात नंबर, लाकूड," कानसेन तक्ता वाचत म्हणाला, आणि मांजरीकडे बघून टाळ्या वाजवल्या. त्याने टाळ्या वाजवल्या! मग सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या, दोनच.

मांजर लालेलाल झाली. तोंड उघडलं, मिटलं, मान खाली घातली. विनयाचं एवढं नाटक चोवीसाव्या वर्षी! मला तर अजून जमत नाही.

जेवणाच्या सुट्टीत माझ्याशेजारी येऊन बसली. डबा उघडलासुद्धा नाही. "ताई, त्या जिन्याबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं."

म्हटलं, "छान झालंय. अजून काय बोलायचं?" आणि उठले. उठताना कट् झालं. तिने गुडघ्याकडे असं काही बघितलं की मला तिची कीवच नको वाटली.

३ मार्च. गुडघा ५.

संध्याकाळी सातला अकरावा भाग लागला. मला लावायचाच नव्हता. पण सासूबाई पालथ्या पडल्या पडल्या कंटाळतात, टीव्ही फक्त ऐकतात, आणि त्यांना ही मालिका हवीच असते. भाजी निवडत बसले. जिना आला तशी कोथिंबिरीच्या काड्यांचा चुरा केला.

उशीतून आवाज आला, "ही तू गं."

"नाही आई. ती नवीन मुलगी."

"तूच आहेस."

"आई, मी सांगतेय ना? मी आता गर्दीत असते. मागे ती माणसं चालतायत ना, त्यातले चार पाय माझे."

"असेल बाई," त्या म्हणाल्या. "मला मेलीला दिसतंय कुठे."

माझ्या बाजूने बोलायचं म्हणून बोलल्या असतील. त्यांचं तसं बोलणं दुर्मीळ असल्याने जास्तच झोंबलं.

९ मार्च. गुडघा ७.

आता कानसेनला दुसरं काही सुचत नाही. प्रत्येक टेकला, "जिन्यासारखं दे." काल मांजरीला एकतीस वेळा पुन्हा. एकतीस! मी खडीच्या चौकोनाशेजारी बसून मोजत होते आणि प्रत्येक पुन्हाला मला गार वाटत होतं, पंखा बंद असून. सव्विसाव्याला ती रडकुंडीला आली. "सर, मला ते तसं येत नाहीये," म्हणाली. कानसेन म्हणाला, "आलं होतं ना? मग?" तिने माझ्याकडे बघितलं. मी खडीकडे बघितलं.

हे लिहून वाचलं. वाईट बाई आहे मी. पण वही गुडघ्याची आहे, स्वभावाची नाही.

१४ मार्च. गुडघा ८.

आठ स्वतःच्या कर्माने. सगळे जेवायला गेले होते. मी दार लावून घेतलं, सात नंबर घातला आणि फळीवर उभी राहिले. तिचा तो जिना हेडफोनवर लावला आणि तिच्यासारखं चालून बघितलं.

नाही आलं. चवडा टेकतो, टाच थांबते, पण माझं थांबणं मुद्दाम केल्यासारखं वाटतं. दहा वेळा केलं, पंधरा वेळा केलं. तिच्यात ती बाई हरलेली आहे. माझ्यात एक बाई हरलेल्या बाईची नक्कल करतेय.

तिच्यासारखं मला येत नाही. हे इथे लिहिते, कुठे बोलणार नाही. मला तिचा हेवा वाटतो, इतका की सकाळी उठल्यावर पहिली आठवण तिच्या पावलांची येते. नवऱ्याच्या प्रेमात असताना त्याची इतकी येत नव्हती.

१७ मार्च. गुडघा ८.

नावांची यादी छापायला जायची म्हणून भिंतीवर लावली आहे. 'पावलं' या शब्दापुढे मांजरीचं नाव. पुढच्या पानावर 'साहाय्य', त्यात अकरा माणसं, चहावाला धरून. सातवी मी.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ते आमच्या धंद्यातल्या माणसाला विचारावं.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "सोडते."

"सोड."

"अरे, असं लगेच काय सोड? सतरा भाग झालेत. साहाय्यात का होईना, नाव आहे. आणि मध्येच सोडलं तर कानसेन चार ठिकाणी सांगेल, ही बाई काम टाकून जाते. मग कोण बोलावणार मला, या गुडघ्याला?"

"मग नको सोडू."

"आणि रोज तिथे बसून त्या पोरीचं कौतुक ऐकू?"

त्याने पेपर खाली ठेवला. "तुला नक्की कशाचा त्रास होतोय? त्या माणसाचा की त्या मुलीचा?"

मी म्हटलं, "गुडघ्याचा."

१८ मार्च. गुडघा ६.

दिला कागद. पंधरा दिवसांची सूचना, कारण प्रकृती. कानसेनने न वाचता खिशात ठेवला. "बरं," म्हणाला, "दोन तारखेपर्यंत गर्दी उरकून घ्या."

मला वाटलं होतं, निदान का म्हणून विचारेल.

दाढी रजेवरून परत आला आहे, मुलगी झाली. मांजर त्याच्याबरोबर तासभर यंत्राच्या खोलीत दार लावून बसली होती. आता त्यालाही गुंडाळलं.

२४ मार्च. गुडघा ५.

आज सुट्टी. दुपारी सासूबाई काळा चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या. जिन्यावरची पावलं मला ऐकू यायच्या आतच म्हणाल्या, "कुणीतरी नवीन येतंय. हलकं आहे आणि घाबरलंय." दार उघडलं तर मांजर. हातात हेडफोन.

पाणी दिलं. पाणी द्यायलाच हवं. तिने ग्लास हातातच ठेवला.

"ताई, तुम्ही रागवा, पण आधी हे ऐका. दाढीदादांनी मूळ टेक शोधून दिलाय. कापायच्या आधीचा."

कानाला लावला. तोच जिना. संगीत नाही, कुजबुज नाही, नुसत्या टाचा. चवडा, आणि टाच थांबलेली. मला उठून जायचं होतं. दोन घाईच्या पायऱ्या. मग शेवटची. मग थांबणं, मग सरळ उभं राहणं.

कट्.

मी हेडफोन काढला, पुन्हा घातला. "पुन्हा लाव," म्हटलं. मी स्वतःच म्हटलं. सात वेळा ऐकलं असेल. प्रत्येक वेळी शेवटी माझा गुडघा.

"वीस तारखेचा आहे, सकाळचा," ती म्हणाली. "माइक बघताना घेतलेला. सात नंबर होता म्हणून सरांनी तो माझा धरला. मला तिथेच कळलं होतं ताई, मी असं चाललेच नव्हते. पण सगळे टाळ्या वाजवत होते. आणि..." तिने ग्लास दुसऱ्या हातात घेतला. "आणि मला बरं वाटलं. पाच मिनिटं. मग तुम्हाला सांगायला आले तर तुम्ही उठून गेलात. नंतर रोज जास्तच अवघड होत गेलं."

"सरांना सांगितलंस?"

"परवा. मी आणि दादा दोघं गेलो. म्हणाले, तक्त्यावर सात म्हणजे तू, यादी छापायला गेली, आता कशाला?"

सासूबाई भिंतीकडे तोंड करून होत्या. खांदे हलत होते. हसत होत्या.

महिनाभर मी माझ्यावरच जळत होते. आणि पहिल्यांदा जे वाटलं तो आनंद नव्हता. त्या टाळ्या! मी जन्मात पहिल्यांदा मिळवलेल्या टाळ्या, आणि त्या मीच दोन वाजवून दुसरीला दिल्या. तिला म्हटलं, "जा तू आता." ती गेली. ग्लास भरलेलाच होता.

२६ मार्च. गुडघा ५.

कानसेन काचेच्या अलीकडे आला. जवळून बघितला तर माझ्यापेक्षा बुटका आहे.

"बसा बाई," म्हणाला. आजवर मला बसा म्हणाला नव्हता. "तुमचा कागद अजून माझ्याच खिशात आहे. फाडून टाकतो. उरलेल्या भागांत वकीलबाई तुम्ही चाला. शेवटच्या भागात जिना चढायचाय त्यांना, त्या मुलीला जमत नाहीये. यादी बदलून घेतो. 'पावलं', तुमचं नाव, एकटं."

"आणि ती?"

"ती जाईल. दोन नावं बसत नाहीत. फक्त त्या जिन्याचं बाहेर बोलायचं नाही, उगाच हसं होतं."

मी विचारलं, "तुम्हाला ऐकून कळलं नाही, माझी चाल आहे ते?"

"अहो बाई," तो हसला, "दिवसाला हजार पावलं ऐकतो मी. पाऊल ते पाऊल."

उद्या सांगते म्हटलं.

आता खरं लिहायचं तर मला हवं आहे. सगळंच हवं आहे. ती गेलेली हवी आहे, माझं नाव एकटं हवं आहे, आणि तिने ते वाचलेलं हवं आहे. घरी येईपर्यंत मनात यादी दहा वेळा वर सरकली. नवरा म्हणाला, "घे की. तुझंच आहे." बरोबरच बोलला. चूक कुठे आहे त्यात?

२७ मार्च. गुडघा ४.

सकाळी सासूबाईंच्या डोळ्यात थेंब घालताना विचारलं, "आई, तुम्हाला कसं कळलं होतं?"

"काय?"

"जिना मी उतरतेय ते."

"हात स्थिर ठेव. कसं म्हणजे? बावीस वर्षं ऐकतेय. रागावलीस की तुझी टाच आधी पडते. दमलीस की चवडा. माझ्या ऑपरेशनच्या दिवशी तू त्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरून गेलीस ना, अगदी तशी उतरत होतीस त्यात. मला वाटलं, एवढी का घाबरली ही?"

थेंब गालावर पडला. त्यांनी पुसला आणि म्हणाल्या, "दुसरा घाल. नीट."

स्टुडिओत जाऊन कानसेनला सांगितलं, कागद फाडू नका. त्याने कारण विचारलं नाही, मी सांगितलंही नाही. इथे लिहून ठेवते. पाऊल ते पाऊल म्हणणाऱ्याने माझं नाव लिहिलं काय आणि चहावाल्याचं लिहिलं काय, त्याच्या दृष्टीने तक्त्यावरचा नंबर. उद्या सात कुणी दुसरीने घातला की तेच नाव तिचं. पोरीची दया येऊन सोडलं असं पुढे कधी ही वही वाचणाऱ्याने समजू नये. ती अजूनही डोळ्यांत खुपते.

बाहेर पडेपर्यंत दोनदा परत फिरावंसं वाटलं. तिसऱ्यांदा दारावरच्या रखवालदाराने विचारलं, "काही विसरलात का?"

३१ मार्च. गुडघा ४.

मांजर फळीवर एकटीच चढाचा सराव करत होती. मी खडी आवरत होते. न बघता म्हटलं, "पडद्याकडे बघू नकोस."

"मग कुठे बघू?"

"मला काय ठाऊक? मी एका बिजागरीकडे बघत होते. माझं माणूस दाराच्या आत होतं. तुझं कोण आहे, कुठल्या दाराआड, ते तू बघ."

तिने पडद्याकडे पाठ केली. मग चढायला लागली. मी खडी आवरायची थांबले नाही, पण हळू केली. सांगताना जिवावर आलं होतं. अठरा वर्षांत सापडलेलं एकुलतं एक गुपित, तेही चुकून सापडलेलं, आणि सापडल्यावर आठवड्याच्या आत देऊन टाकलं.

२ एप्रिल. गुडघा ३.

शेवटचा दिवस. चारशे माणसांची गर्दी चालले, मग तिघांचं पळणं, मग एक दार आपटलं. कानसेन एकदाच पुन्हा म्हणाला, सवयीने.

निघताना दाढीने माइक लावला. "ताई, जरा खुर्चीत बसा. आता उठून सरळ उभ्या राहा." माइक बघायचा असेल. उभी राहिले, कट् झालं. "अजून एकदा," म्हणाला. मांजर त्याच्या मागे उभी होती, तोंडावर हात ठेवून. हसत असेल माझ्या गुडघ्याला. हसू दे. सात नंबरचा जोड मी पुसून तिच्या चौकोनाजवळ ठेवला.

२४ एप्रिल. गुडघा ३.

बावीस दिवसांत काही लिहिलं नाही. एका जाहिरातीचं काम आलं, अनवाणी पावलं, बाळाची. चालले. अजून कुणी बोलावलेलं नाही.

आज शेवटचा भाग होता. लावायचा नाही असं ठरवलं होतं आणि पावणेसातपासून टीव्हीसमोर बसले होते, पाय स्टुलावर. सासूबाईंना आता चांगलं दिसतं, तरी सवयीने डोळे मिटून बसल्या होत्या.

वकीलबाई खटला जिंकल्या आणि त्याच कोर्टाचा जिना चढायला लागल्या. सगळा चढ मांजरीचाच होता. माझी नक्कल कुठेही नव्हती. जिंकलेली बाई धावत चढेल असं कुणालाही वाटलं असतं. ही प्रत्येक पायरीवर टाच पूर्ण टेकवत होती, जसं काही आता तिला कुणी निघ म्हणणार नाही. मला हे सुचलं नसतं. मी धावले असते.

जळले. स्पष्ट लिहिते, जळले, पोटापासून. पण यावेळी जळण्यासारखं काहीतरी खरंच तिचं होतं. मला रडू आलं, ते जळण्याचं की चालीचं, ते वेगळं काढता आलं नाही.

वकीलबाई वरच्या दाराशी पोचल्या. थांबल्या. सरळ उभ्या राहिल्या.

कट्.

नवऱ्याने झटकन माझ्या गुडघ्याकडे बघितलं. पाय स्टुलावरच होते, मी हललेही नव्हते. कानसेनने तो भाग शंभर वेळा तरी ऐकला असेल.

मग नावं सुरू झाली. 'पावलं', आणि पुढे तिचं नाव, एकटं. साहाय्यात मी नव्हते. मी शेवटचं नाव जाईपर्यंत वाचलं.

सासूबाईंनी डोळे उघडले नाहीत. "पाय त्या पोरीचे होते," म्हणाल्या. "गुडघा मात्र आपला."